काळ्या मेपलखालचा फुटपाथ

शनिवारी सकाळी फुटपाथ झाडायला उतरल्या की फ्राऊ गेरलिंडे आयझेले आधी समोरच्या घराकडे एक नजर टाकत. तिथले पडदे उघडलेले असले तरच झाडू उचलत. नसले, तर कचऱ्याच्या डब्याचं झाकण दोनदा आपटत आणि थांबत. झाडताना कुणी पाहिलंच नाही तर ते झाडणं कसलं, असं त्या कधी बोलून दाखवत नसत. आमच्या ग्रुबिंगेन गावात ते बोलून दाखवावं लागतही नाही.

आमच्या घरात सहा बिऱ्हाडं. झाडलोटीच्या पाळीची एक लाकडी पाटी होती, तिच्यावर केव्हातरी कुणीतरी रंगवलेला झाडू. ही पाटी दर आठवड्याला एका दारावरून उतरून पुढच्या दारावर चढायची. ज्याच्या दारावर पाटी त्याने जिना पुसायचा, तळघराच्या पायऱ्या झाडायच्या आणि शनिवारी फुटपाथ. पाळी कुणाचीही असो, त्याचं झाडून झालं की थोड्या वेळाने फ्राऊ आयझेले सहज म्हणून खाली यायच्या, हात मागे बांधून फुटपाथच्या कडेकडेने चालायच्या, आणि मग आपल्या झाडूने पहिल्यापासून सुरुवात करायच्या. आम्ही राग मानत नसू. त्यांचं सगळं आयुष्य बनियनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी गेलं होतं. हजार टाक्यांतला निसटलेला एक टाका त्यांना लांबून दिसायचा. पुढे कारखाना बंद पडला, त्या निवृत्त झाल्या, नजर तेवढी झाली नाही.

या नजरेला तोडीस तोड असं एकच काहीतरी आमच्या गल्लीत होतं, आणि ते म्हणजे दारासमोरचा मेपल. घरापेक्षा जुना. वसंतात त्याचा हिरवट मोहोर गळायचा, उन्हाळ्यात पानांवरून चिकट थेंब टपकायचे, मग भिरभिरत खाली येणाऱ्या पंखवाल्या बिया, आणि शरदात पानं, तीही सगळी एकदम नाही, तर रोज थोडी थोडी, झाडून झाल्यावर. फ्राऊ आयझेले साऱ्या गल्लीला अहोजाहो करायच्या. मेपलला मात्र अरेतुरे.

"टाक, टाक अजून," त्या वर बघून म्हणायच्या. "मला काय काम आहे दुसरं!"

त्यांचे यजमान युगेन होते तोवर ते झाडाची बाजू घ्यायचे. त्याच्या सावलीत खुर्ची टाकून सफरचंदाची आंबूस दारू पीत बसायचे. फ्राऊ आयझेले त्यांना पाय वर घ्यायला लावून खुर्चीखालून झाडू फिरवायच्या. युगेन गेले त्या शरदात त्यांनी एकदाही पानांवरून कुरकुर केली नाही. पुढच्या वर्षी मात्र पुन्हा सुरू झाली, आणि आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी एप्रिलमध्ये घरमालक हेर गायगर आले. आपली सायीच्या रंगाची मोटार त्यांनी नेहमीप्रमाणे मेपलखाली उभी केली, आम्हाला जिन्यात गोळा केलं आणि म्हणाले, "आता गावातल्या सगळ्या चांगल्या घरांनी सफाई कंपनी लावलीय. पाळ्या, पाट्या, हे जुनं झालं. लोक वैतागतात."

"कोण वैतागलंय?" फ्राऊ आयझेले यांनी विचारलं.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारी विद्यार्थिनी, माझ्या दारावर पाटी आली की मी हमखास विसरायचे. मी छताकडे पाहिलं.

"बरं," हेर गायगर म्हणाले, "शरदापर्यंत पाहू. फुटपाथबद्दल एक जरी तक्रार आली, तर पाटी काढायची आणि कंपनी आणायची."

"या फुटपाथबद्दल?" फ्राऊ आयझेले हसल्या. त्यांना हसताना आम्ही फारसं पाहिलेलं नव्हतं. जरा भीतीच वाटली.

मग पाऊस गेला तो गेलाच. मे कोरडा, जून कोरडा. नेकार नदीच्या पोटातले दगड उघडे पडले. जुलैत मेपलच्या शेंड्याची पानं वाळून खाली यायला लागली, आणि एके दिवशी पानांबरोबर फुटपाथवर काळी भुकटी दिसली. काजळीसारखी, मऊ, बोटाला लागली की न सुटणारी. फ्राऊ आयझेले यांनी ती झाडली. संध्याकाळी पुन्हा होती. पुन्हा झाडली. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या पांढऱ्या जाळीच्या पडद्यावर, आणि हेर गायगर पुन्हा आले तेव्हा त्यांच्या सायीच्या रंगाच्या मोटारीवर. हेर गायगर यांनी टपावर बोट फिरवलं, ते आमच्यासमोर धरलं आणि निघून गेले.

त्या दिवसापासून फ्राऊ आयझेले सकाळ-संध्याकाळ झाडू लागल्या. तोही साधा झाडू नव्हता. राठ केसांचा, कोरडा, खर्र खर्र आवाज करणारा. वरून माझ्या खिडकीतून दिसायचं, की त्या पुढे पुढे सरकताहेत आणि त्यांच्यामागे गुडघ्याएवढा काळा ढग चालतोय. झाडून झालं की तोच झाडू खांद्यावर टाकून त्या खालच्या गल्लीत बेकरीसमोर जायच्या. तिथे त्यांची मैत्रीण ट्राउडल राहायची. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून तिची पाळीही यांनीच घेतली होती. दुसऱ्याच्या झाडूवर त्यांचा विश्वास नव्हता.

झाडण्याइतकंच दुसरं काम होतं गुन्हेगार शोधण्याचं. पहिला संशय तळमजल्यावरच्या हेर मारोविच यांच्यावर. हे क्रोएशियाहून तरुणपणी आलेले, इथेच कामाला लागले, इथेच म्हातारे झाले. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटवून ते रविवारी मांस भाजायचे.

"हेर मारोविच, काल काय भाजलंत?"

"तुम्हाला ठाऊक नाही? ताट भरून नेलंत की."

"खाल्लं ते वेगळं, धूर वेगळा. धूर कुठे गेला?"

"वर गेला, फ्राऊ आयझेले. माझ्या गावाकडे धूर वर जातो. इथला नियम वेगळा असेल तर सांगा."

"मग ही काजळी काय आहे?"

हेर मारोविच यांनी वाकून पाहिलं. "माझ्या शेगडीत इतका कोळसा मावला असता," ते म्हणाले, "तर मी सगळ्या ग्रुबिंगेनला जेवायला बोलावलं असतं. तुम्ही सोडून."

त्यांची शेगडी संशयातून सुटली, कारण पुढच्या रविवारी त्यांनी ती पेटवलीच नाही आणि सोमवारी भुकटी आणखी जास्त होती. मग पाळी आली धुराडी साफ करणाऱ्या हेर त्सिंक यांची. ते काळा कोट आणि काळी उंच टोपी घालून वार्षिक तपासणीला आले, तेव्हा फ्राऊ आयझेले यांनी त्यांना दारातच गाठलं. आधी त्यांच्या कोटाचं सोनेरी बटण अंगठ्याने चोळून घेतलं. धुराडीवाल्याला हात लावला की नशीब उजळतं, ती संधी कशाला सोडा. मग भांडण काढलं.

"कुणाचं तरी धुराडं गळतंय, हेर त्सिंक, आणि तुम्ही झोपा काढताय."

"जुलै आहे, फ्राऊ आयझेले. कोण शेकतंय या दिवसांत?"

"ते तुम्ही शोधायचं. काजळी तुमच्या खात्यातली."

हेर त्सिंक यांनी चिमूटभर भुकटी उचलली, बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. "ही माझी नाही," ते म्हणाले. जत्रेत चुकलेलं पोर कुणी त्यांच्याकडे आणून द्यावं आणि त्यांनी नकार द्यावा, तसं. मग ते मेपलकडे वळले. बुंध्यावर सालीला फोड आल्यासारखे फुगवटे होते. त्यांनी एका फुगवट्यावर काठी टेकवली मात्र, हातभर साल सुटून खाली पडली. आतला बुंधा पूर्ण काळा होता. मऊ, मखमलीसारखा काळा. वाऱ्याची झुळूक आली आणि त्या काळ्यातून थोडं हवेत उडालं.

"याला धुराडं असतं," हेर त्सिंक हळूच म्हणाले, "तर मी दर वर्षी आलो असतो. नगरपालिकेतल्या झाडांच्या माणसांना बोलवा." एवढं बोलून ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले. धुराडीवाला हात पुसतोय, हे दृश्य ग्रुबिंगेनमध्ये याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. फ्राऊ आयझेले यांना ते मनाला लागलं. ते झाड कितीही झालं तरी आमच्या दारातलं होतं.

झाडांच्या तपासनीस म्हणून फ्राऊ कोर्कमाझ आल्या. तरुण, बुटक्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कागदी पोशाखात, तोंडावर मास्क. आम्ही सगळे जमलो, तसं त्यांनी हातानेच आम्हाला दूर उभं केलं. बुंध्यावर पाण्याचा फवारा मारला, सालीखालचं थोडंसं एका डबीत खरवडून घेतलं. मग त्यांनी फुटपाथकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "इथे कोण झाडतं?"

आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. फ्राऊ आयझेले यांनी एप्रनची गाठ सोडली, केस सारखे केले आणि एक पाऊल पुढे आल्या.

"मी."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"कोरड्या झाडूने?"

"कोरड्याच. ओलं केलं की नुसता राडा होतो."

"बेकरीसमोरचा फुटपाथही इतकाच स्वच्छ दिसला."

"तोही मीच," फ्राऊ आयझेले म्हणाल्या. "याच झाडूने."

"कोपऱ्याकोपऱ्यातून?"

"सुरुवातच कोपऱ्यापासून."

"फार सुंदर झाडता तुम्ही," फ्राऊ कोर्कमाझ म्हणाल्या. फ्राऊ आयझेले यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. माझ्यावर नजर जरा जास्त थांबली. "आता कृपा करा आणि आजपासून झाडूला हात लावू नका."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही काजळी नाही, बुरशी आहे, मेपलची. मुळात अमेरिकेतली, तिथून कधीतरी इकडे आलेली. झाडाच्या आत गुपचूप राहते. कोरडा, तापलेला उन्हाळा आला आणि झाड तहानेने दुबळं झालं की ती हातपाय पसरते, सालीखाली काळं पीठ होऊन साचते. त्या पिठाचा एकेक कण म्हणजे बी. वाऱ्यावर उडतं, छातीत गेलं तर माणसालाही वाईट, आणि दुसऱ्या मेपलच्या जखमेवर बसलं तर तिथे पुन्हा तेच.

"अमेरिकेतून आली, कुणाला न विचारता राहिली आणि पसरली," हेर मारोविच म्हणाले. "आणि कागदपत्रं दाखवायला मला लावायचे."

फ्राऊ आयझेले आपल्या झाडूकडे बघत होत्या.

"ट्राउडलच्या दारात पण मेपल आहे," त्या म्हणाल्या.

"हो. मी पाहिला. त्यालाही लागलंय."

"म्हणजे मी."

"वारा आहे, पक्षी आहेत. बुरशी तिथे आधीपासूनही असेल. फक्त तुमच्यामुळे नाही."

"फक्त नाही," फ्राऊ आयझेले यांनी ते शब्द मनाशी घोळवले. मग मान ताठ केली. "वरवर झाडत असते, तर इतकं गेलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्यात दुःख किती आणि अभिमान किती, हे मला आजही सांगता येत नाही.

झाड तोडायचं ठरलं. तोडणाऱ्यांना यायला आठवडाभर वेळ होता, आणि पाटी नेमकी त्याच आठवड्यात फ्राऊ आयझेले यांच्या दारावर आली.

तो आठवडा त्यांनी कसा काढला ते आम्ही पाहिलं आहे. खिडकी बंद करून, काचेला नाक लावून त्या बसायच्या. खाली काळी भुकटी साचत होती, पानं साचत होती, समोरच्या घरातले पडदे रोज जरा जास्तच उघडे दिसत होते. वाटेने जाणाऱ्या बायका थांबायच्या, फुटपाथकडे बघायच्या, मग दारावरच्या नावांकडे. हेर गायगर शनिवारी येणार होते.

शनिवारी सकाळी हेर मारोविच यांना राहवलं नाही. फ्राऊ आयझेले यांची अब्रू जाऊ नये म्हणून ते कधी नव्हे ते स्वतःहून झाडू घेऊन खाली उतरले. पहिला हात मारला असेल नसेल, तोच वरची खिडकी धाडकन उघडली.

"हेर मारोविच! झाडू खाली ठेवा!"

गल्ली जागच्या जागी थबकली. बेकरीतून पाव घेऊन येणारा एक माणूस पिशवीसकट उभा राहिला.

"तुमच्यासाठीच करतोय, फ्राऊ आयझेले! गायगर येतील!"

"येऊ देत! ठेवा म्हणते ना! घाणच राहू दे!"

हे वाक्य हवेत असतानाच हेर गायगर यांची मोटार वळणावरून आत आली. त्यांनी काच खाली केली. काळा फुटपाथ पाहिला, हातात झाडू घेऊन अपराध्यासारखे उभे असलेले हेर मारोविच पाहिले, आणि वर खिडकीत लालबुंद झालेल्या फ्राऊ आयझेले.

"तुम्ही," त्यांनी विचारलं, "झाडू नका म्हणताय?"

"म्हणतेय. आणि तुमची कंपनी आली तर तिलाही हात लावू देणार नाही. मोटार लांब लावा, बी उडेल."

हेर गायगर यांनी मोटार लांब लावली. मग बराच वेळ ते आतच बसून राहिले.

तोडणारे आले ते पांढऱ्या पोशाखात, मास्क लावून, पाण्याचे पाइप घेऊन. फांदी कापण्याआधी भिजवायची, खाली आलेली ताडपत्रीत गुंडाळायची. मेपलचे तुकडे असे बांधून नेले, जणू थंडी वाजेल त्यांना. हेर मारोविच आलुबुखाराची दारू घेऊन फ्राऊ आयझेले यांच्याकडे वर गेले. दोघं खिडकीशी बसली. "एकदा त्याला विचारायला हवं होतं," असं काहीतरी फ्राऊ आयझेले म्हणाल्याचं हेर मारोविच यांनी मला नंतर सांगितलं. "काय विचारायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही," ते म्हणाले. शेवटी मोठं यंत्र आलं आणि त्याने फुटपाथ ओला करून सगळी भुकटी शोषून घेतली. एक कणसुद्धा उरला नाही.

पुढच्या शनिवारी फ्राऊ आयझेले झाडू घेऊन खाली आल्या. समोरचे पडदे उघडे होते. फुटपाथवर एक पान नव्हतं, एक बी नव्हती. इतकं ऊन त्या दगडांवर आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, झाडू उलटा करून त्याचे केस तपासले आणि परत वर गेल्या.

सप्टेंबरात हेर गायगर यांनी बैठक बोलावली, तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत. फ्राऊ कोर्कमाझही आल्या होत्या. फुटपाथवरचं झाड नगरपालिकेचं, त्या जागी नवं लावायचं होतं, आणि कोणतं लावावं याबद्दल राहणाऱ्यांचं मत हवं होतं. मेपल सोडून.

"झाड गेलं तसा कचराही गेला," हेर गायगर म्हणाले. "आता भांडणच नाही. एक छोटंसं, नीटनेटकं झाड लावा. कंपनी महिन्यातून एकदा येईल, पाटी खाली उतरवू."

फ्राऊ कोर्कमाझ यांनी दोन चित्रं दाखवली. पहिलं झाड सरळ, सडपातळ, फळ नाही, फुलं नावाला, पानं कमी. "फारसा त्रास देत नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण.

"आणि दुसरं?" फ्राऊ आयझेले यांनी विचारलं.

"रानचेरी. पण दारासमोर लोक शक्यतो नको म्हणतात."

"फुलं पडतात?"

"ढिगाने."

"फळं?"

"पक्षी खातात आणि डाग पाडतात. काही फुटपाथवरच चिरडतात."

"पानं?"

"भरपूर. महिनाभर चालतं."

"हेच," फ्राऊ आयझेले म्हणाल्या.

हेर गायगर खुर्चीतून अर्धे उठले. "असल्या झाडाखाली कंपनी महिन्यातून एकदा येऊन कसं भागणार आहे? रोज यावं लागेल! माझ्या मोटारीवर चेऱ्या..."

"अरेरे," फ्राऊ आयझेले म्हणाल्या. "मग काय करणार. आपल्यालाच झाडावं लागेल."

हेर मारोविच यांनी सगळ्यात आधी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी. माझ्याकडे फ्राऊ आयझेले यांनी पाहिलं तेव्हा माझाही वर गेला होता, केव्हा गेला ते कळलं नाही.

"एक अडचण आहे," फ्राऊ कोर्कमाझ म्हणाल्या. "रोपाला पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं. भरपूर. आमची माणसं पुरत नाहीत."

फ्राऊ आयझेले हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होत्या.

"त्याला मी कधी घातलंच नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं त्याच्या पायाशी झाडलं. त्या जुलैत रोज दोनदा त्याच्यापाशी होते. एक बादली नाही नेली." मग नेहमीच्या आवाजात, "पाटीवर लिहा. झाडणं आणि पाणी. ज्याची पाळी, त्याने दोन्ही."

पाटी नव्याने रंगवायचं काम हेर मारोविच यांनी अंगावर घेतलं. झाडूशेजारी त्यांनी झारी काढली. ती बदकासारखी दिसते. फ्राऊ आयझेले यांनी ते त्यांना सांगितलं आणि त्यांनी उत्तर दिलं की बदकालाही पाणी लागतंच.

चेरी लावली त्याच्या पुढच्या जूनमध्ये माझी पाळी आली. या वेळी मी विसरले नाही. शनिवारी फुटपाथ झाडला, रोपाला झारीभर पाणी घातलं आणि वर येऊन पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने दार वाजलं.

"तुम्ही पाणी घातलंत?"

"घातलं, फ्राऊ आयझेले."

त्यांनी मातीत खुपसून पाहिलेलं आपलं बोट दाखवलं. पहिल्या पेरापर्यंत माती ओली होती, पुढे कोरडी. "वरवर," त्या म्हणाल्या. "मुळापर्यंत गेलं नाही."

मी पुन्हा जाऊन तीन झाऱ्या घातल्या. त्यावरही त्यांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी रविवारी, जेव्हा ग्रुबिंगेनमध्ये कुणी काडीचंही काम करत नाही, मी सकाळी खिडकी उघडली तर त्या खाली होत्या. घरातल्या सपातांत, हातात बादली. रोपापाशी वाकून अगदी हळूहळू पाणी सोडत होत्या आणि त्याला अरेतुरे करून काहीतरी सांगत होत्या.

मी समोरच्या घराकडे पाहिलं. पडदे बंद होते.